यकृताची शिबंदी

सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर, जेथून घोड नदीचे पाणी पूर्वेच्या वाटेला लागते आणि पश्चिमेस कडा एकदम तुटून कोकणात उतरतो, तेथे आंबेगाव तालुक्यातील आहुपे हे गाव आहे. वस्ती मुख्यतः महादेव कोळ्यांची. भातखाचरे संपली की रान सुरू होते, आणि त्या रानातच गावाची देवराई आहे. देवराईत कुऱ्हाड चालवावयाची नाही हा दंडक कोणी व केव्हा घालून दिला हे कोणी सांगू शकत नाही. पण तो पाळला गेला. पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७० नंतरच्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा सभोवतीचे डोंगर उघडे पडले असताही देवाच्या धाकाने राखलेली ही रानेच जुन्या अरण्याचा नमुना म्हणून मागे उरली आहेत, असे त्यांनी दाखवून दिले.

या डोंगरपट्ट्यातील दोन वनस्पतींशी प्रस्तुत हकिकतीचा संबंध आहे. एक हिरडा आणि दुसरी गुळवेल. हिरड्याची कोवळी फळे पावसाळ्यापूर्वी गोळा करावयाची, उन्हात काळी पडेपर्यंत वाळवावयाची आणि व्यापाऱ्यास घालावयाची, हा जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम भागातील कित्येक कुटुंबांच्या हाती पडणारा वर्षाचा रोख पैसा होय. इंग्रजी अमदानीत हाच हिरडा मुंबई बंदरातून विलायतेस कातडी कमावण्यासाठी जात असे. गुळवेलीला असा बाजारचा मान फार उशिरा मिळाला. ती आपली कोणत्याही झाडावर चढते, वरून दोऱ्यांसारखी मुळे खाली सोडते, आणि तोडून टाकलेला तुकडाही पुन्हा फुटतो. म्हणून तिला अमृता असे नाव पडले. चरकसंहितेत कावीळ झालेल्या रोग्यास त्रिफळा, गुळवेल, दारुहळद किंवा कडुनिंब यांपैकी एकाचा रस मधाबरोबर सकाळी देण्यास सांगितले आहे. त्रिफळ्यातील एक फळ हिरडा. म्हणजे आहुप्याच्या रानातील या दोन्ही वनस्पती निदान दोन हजार वर्षे यकृताच्या चाकरीत आहेत, असे म्हणावयास हरकत नाही.

यकृत हे रक्तवाही स्रोतसांचे मूळ, असे आपले वैद्य मानीत. आतड्यांतून निघालेले रक्त हृदयाकडे जाण्यापूर्वी प्रथम यकृतातून जाते, हे आज शाळेतील मुलांनाही ठाऊक आहे. पोटात गेलेले अन्न असो, दारू असो की वैद्याची पुडी असो, सर्वांस या एकाच नाक्यावरून जावे लागते. परंतु हा नाका नुसती तपासणी करून थांबत नाही. तो येणाऱ्या मालाचे रूप पालटतो. या रूप पालटण्यातच कधी कधी घात होतो. तो कसा होतो, आणि त्यापासून यकृत स्वतःस कसे राखते, हे मनुष्यास ज्या औषधाने शिकविले ते औषध आज घरोघरी फळीवर पडलेले असते. क्रोसिन, कॅलपॉल, डोलो अशी त्याची नावे अनेक. वस्तू एकच, पॅरासिटॅमॉल.

या औषधाचा जन्म एका गफलतीपासून धरावा लागतो. १८८६ च्या सुमारास स्ट्रासबुर्ग येथील रुग्णालयात आर्नोल्ड कान आणि पाउल हेप हे दोन तरुण डॉक्टर आतड्यांतील जंतांवर नॅप्थलीन देऊन पाहत होते. औषधविक्रेत्याकडून चुकून भलतीच पूड आली. जंतांचे काही झाले नाही, पण रोग्याचा ताप मात्र झपाट्याने उतरला. ती पूड ॲसिटॅनिलाइडची होती. लवकरच ती अँटिफेब्रिन या नावाने बाजारात आली. परंतु ती घेणाऱ्यांचे ओठ व नखे निळसर पडू लागली, कारण रक्तातील तांबड्या द्रव्याची प्राणवायू वाहण्याची शक्ती तिच्यामुळे उणावत असे. पुढच्याच वर्षी बायर कंपनीने तिच्या जातीचे फेनासेटिन काढले. ते पुष्कळ वर्षे चालले आणि अखेर मूत्रपिंडे बिघडविते म्हणून मागे पडले.

वास्तविक पॅरासिटॅमॉल याही आधीचे. अमेरिकेत हार्मन नॉर्थ्रॉप मोर्स या रसायनशास्त्रज्ञाने १८७८ मध्येच ते तयार केले होते. १८९३ मध्ये जर्मनीतील फॉन मेरिंग यांनी ते रोग्यांना देऊनही पाहिले. पण यानेही रक्त बिघडते असा त्यांचा ग्रह झाला आणि ते अर्धे शतक अडगळीत पडले. त्या ग्रहाची फेरतपासणी करावी असे पन्नास वर्षांत कोणास वाटले नाही, हे शास्त्राच्या इतिहासात नवल नाही. थोर माणसाची चूक फार दिवस टिकते.

ती चूक १९४८ मध्ये न्यूयॉर्क येथे बर्नार्ड ब्रॉडी आणि ज्यूलियस ॲक्सेलरॉड यांनी निस्तरली. ॲसिटॅनिलाइड पोटात गेल्यावर त्याचे काय होते याचा माग काढताना त्यांना दिसले की, शरीर त्याचे पॅरासिटॅमॉल करते; ताप व वेदना हटविण्याचे काम ते पॅरासिटॅमॉल करते; आणि रक्त निळे पाडण्याचे पाप दुसऱ्याच एका अवशेषाकडे जाते. मग निर्दोष पुत्रास थेट का बोलावू नये? १९५५ मध्ये अमेरिकेत ते लहान मुलांसाठी पातळ औषधाच्या रूपाने विकावयास निघाले आणि १९५६ मध्ये इंग्लंडात पॅनाडॉल या नावाने. ॲस्पिरिनप्रमाणे त्याने पोटात आग पडत नसे, रक्तस्राव होत नसे. म्हाताऱ्यापासून तान्ह्यापर्यंत सर्वांस चालणारे सालस औषध, अशी त्याची ख्याती झाली.

दहा वर्षे झाली नाहीत तोच एडिंबराहून निराळी बातमी आली. १९६६ मध्ये डेव्हिडसन आणि ईस्टहॅम या डॉक्टरांनी दोन मृत्यूंची हकिकत ब्रिटिश मेडिकल जर्नल या नियतकालिकात प्रसिद्ध केली. दोघांनीही पॅरासिटॅमॉलच्या गोळ्या प्रमाणाबाहेर घेतल्या होत्या आणि दोघांचेही यकृत मृत झालेले आढळले. या विषप्रयोगातील सर्वांत क्रूर गोष्ट ही की, पहिल्या दिवशी रोगी बरा दिसतो. थोडी मळमळ, थोडी ओकारी, बस्स. तो बोलतो, चालतो, कित्येकदा केल्या कृत्याचा त्यास पश्चात्तापही झालेला असतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उजव्या बरगडीखाली दुखू लागते, डोळे पिवळे होतात, रक्त गोठेनासे होते. आणि तोपर्यंत आत जे व्हावयाचे ते होऊन चुकलेले असते.

आत काय होते, हे १९७३ मध्ये उलगडले. गंमत अशी की, या वेळीही ब्रॉडी तेथे होते. अमेरिकेत बेथेस्डा येथील राष्ट्रीय संस्थेत मिचेल, जॉलो, पॉटर, गिलेट आणि ब्रॉडी यांनी उंदरांवर प्रयोग करून लागोपाठ काही निबंध प्रसिद्ध केले. त्यांचे सार येणेप्रमाणे. योग्य प्रमाणात घेतलेल्या पॅरासिटॅमॉलचा मोठा भाग यकृत ग्लुक्युरॉनिक आम्लाशी किंवा सल्फेटाशी बांधून निरुपद्रवी करते व मूत्रावाटे घालवून देते. या दोन राजमार्गांखेरीज एक आडवाट आहे. सायटोक्रोम नावाच्या विकरांच्या हातून शेकडा पाच-दहा भागाचे एक अत्यंत उग्र द्रव्य बनते. पुढे रसायनशास्त्रज्ञांनी त्याची ओळख पटविली व त्याच्या लांबलचक नावाचा संक्षेप नॅपक्वी असा रूढ झाला. हे द्रव्य दिसेल त्या प्रथिनास जाऊन चिकटते. परंतु निरोगी यकृतात त्यास प्रथिनापर्यंत पोहोचूच दिले जात नाही. ग्लुटाथिओन नावाचा एक लहानसा रेणू मध्ये पडतो, त्यास स्वतःला चिकटवून घेतो आणि त्याच्यासह बाहेर जातो.

ग्लुटाथिओन ही यकृताची शिबंदी. तिचा शोध निराळ्याच कामात लागला होता. १८८८ मध्ये फ्रान्सच्या द रे-पायाद यांना किण्वात तिचा सुगावा लागला आणि १९२१ मध्ये केंब्रिजच्या गाउलंड हॉपकिन्स यांनी ती वेगळी काढून तिला हे नाव दिले. ग्लुटामिक आम्ल, सिस्टीन आणि ग्लायसीन अशा तीन आम्लांची ती साखळी आहे. त्यांपैकी सिस्टीनला जो गंधकाचा अणू असतो तोच तिची तलवार. प्रत्येक सैनिक एका शत्रूस घेऊन पडतो. ग्लुक्युरॉनिक आम्लाचे व सल्फेटाचे राजमार्ग गर्दीने तुंबले की आडवाटेने येणारे नॅपक्वी वाढते आणि शिबंदी झपाट्याने खर्ची पडते. मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, साठा शेकडा तीसपर्यंत घटला तरी यकृत तग धरते. त्याखाली मात्र विष प्रथिनांना चिकटू लागते आणि पेशी मरू लागतात. जुन्नर तालुक्यातील जीवधन किल्ल्यावर दगडात बांधलेली धान्यकोठी ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे निराळे समजावून सांगावयास नको. गडाचा तट कितीही उंच असो, वेढ्यातील गडाचे आयुष्य कोठीतल्या दाण्यावर मोजले जाते.

पेशी मरतात त्यालाही क्रम आहे. यकृताच्या प्रत्येक लहानशा खंडिकेत मधोमध एक शीर असते आणि तिच्या भोवतालच्या पेशींत सायटोक्रोम विकरे सर्वांत अधिक. म्हणून घात प्रथम मध्यभागी होतो, कडेच्या पेशी मागाहून बळी पडतात. पेशीच्या पोटात ज्या कणांत इंधन जळते त्या सूत्रकणिकांच्या प्रथिनांस नॅपक्वी विशेषेकरून चिकटते. त्यामुळे त्या कणांतून प्राणवायूची दाहक रूपे सुटतात, तो दाह पेशीतील एका साखळीस जागे करून पुन्हा त्याच कणांवर उलटतो, आणि अखेर पेशीची वीज संपते. उपाशी माणसाची कोठी आधीच अर्धी असते. नित्य दारू पिणाऱ्याची आडवाट रुंद झालेली असते. म्हणून एकास सोसलेली मात्रा दुसऱ्यास सोसेलच असे नाही.

रोगाचे कारण कळले की उपाय सुचतो. शिबंदी कमी पडते, तर शिबंदी पाठवावी. परंतु ग्लुटाथिओन बाहेरून दिले तरी ते यकृताच्या पेशींत सहजासहजी शिरत नाही. तेव्हा सैनिक न पाठविता सैनिक घडविण्याचे सामान, म्हणजे सिस्टीन, पाठवावे लागते. एडिंबराच्या रॉयल इन्फर्मरीत लॉरी प्रेस्कॉट यांनी प्रथम सिस्टीनाचे भावंड सिस्टीअमीन वापरले. १९७४ मध्ये त्यांनी यश जाहीर केले. पण त्या औषधाने रोग्यांस ओकाऱ्यांनी हैराण केले. मग त्यांची नजर एका जुन्याच औषधाकडे वळली. छातीतील चिकट कफ पातळ करण्यासाठी डॉक्टर ॲसिटिलसिस्टीन वापरीत असत. ते शिरेतून दिले तर पेशींत शिरते आणि सिस्टीन सोडते. १९७९ मध्ये प्रेस्कॉट यांनी १०० रोग्यांचा हिशेब मांडला. गोळ्या घेतल्यापासून १० तासांच्या आत ज्यांना हे औषध मिळाले अशा ६२ जणांपैकी अवघ्या एकाच्या यकृतास गंभीर इजा झाली. ज्यांना पूर्वी केवळ आधाराचे उपचार मिळाले होते अशा ५७ जणांपैकी ३३ जणांस ती झाली होती. ८ तासांच्या आत औषध पोहोचले तर यकृत जवळजवळ पूर्ण वाचते. त्यानंतर प्रत्येक तास महाग पडतो.

पंधरा तासांनंतर काहीच उपयोग नाही, असे त्या वेळी प्रेस्कॉट यांना वाटले होते. ते मात्र पुढे खोटे ठरले. १९९१ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातील डॉक्टरांनी, यकृत बंद पडत आलेल्या रोग्यांनाही हे औषध दिले, तेव्हा त्यांतील ४८ टक्के जगले. न दिलेल्यांतील २० टक्के. उशिरा आलेली रसदही परत पाठवू नये, असा याचा अर्थ.

गोष्ट येथे संपत नाही. शिबंदी भरती करणारा यकृताचा स्वतःचा कारभारीही असलाच पाहिजे. तो जपानात त्सुकुबा येथे मासायुकी यामामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतरच्या दशकात ओळखला. एन-आर-एफ-टू या नावाचे ते प्रथिन. एरवी कीप-वन नावाचे दुसरे प्रथिन त्यास धरून ठेवते व त्याचा नाश करविते. नॅपक्वीसारखे उग्र द्रव्य आले की ते कीप-वनच्याच गंधकास जाऊन डसते. पकड सैल होते. सुटलेला कारभारी पेशीच्या केंद्रकात जाऊन ग्लुटाथिओन बनविणाऱ्या आणि विष बांधणाऱ्या विकरांच्या कारखान्यास हुकूम सोडतो. २००१ मध्ये दोन निरनिराळ्या प्रयोगशाळांनी या कारभाऱ्याविना जन्मलेल्या उंदरांना पॅरासिटॅमॉल दिले, तेव्हा इतर उंदरांना सोसणाऱ्या मात्रेने ते मेले. शत्रूच्याच हाताने धोक्याची घंटा वाजविली जावी, ही योजना खरोखर चतुर आहे. तिचा दोष एवढाच की भरतीस वेळ लागतो, आणि मोठ्या मात्रेचे विष तेवढा वेळ देत नाही.

आता पुन्हा सह्याद्रीकडे. पॅरासिटॅमॉल यकृत कसे मारते हे इतके नेमके कळल्यामुळे ते विषच कसोटीचा दगड बनले. हिंदुस्थानातील औषधशास्त्राच्या प्रयोगशाळांत उंदरांना मोठी मात्रा देऊन एखाद्या वनस्पतीचा रस त्यांचे यकृत वाचवितो काय, हे पाहण्याची पद्धत पडली. भुईआवळी, माका, शरपुंखा, कुटकी, एकही सुटली नाही. या शोधनिबंधांतील पुष्कळसे उत्साहाने लिहिलेले आहेत, पण एक गोष्ट बहुधा कोपऱ्यात राहते. रस विषाच्या आधी पाजलेला असतो. तो जर केवळ सायटोक्रोमची आडवाट अडवीत असेल तर नॅपक्वी जन्मतच नाही आणि उंदीर वाचतो. माणूस विष पोटात गेल्यावर दवाखान्यात येतो. त्याच्या बाबतीत आधी पाजावयाचा रस कोणत्या कामाचा?

याहून सावध काम मुंबईत झाले. परळच्या केईएम रुग्णालयात व सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि डॉ. निर्मला रेगे यांनी १९८० नंतरच्या दशकात गुळवेल हाती घेतली. प्रथम उंदीर, नंतर माणसे. शल्यविशारद डॉ. रवी बापट यांच्यासह त्यांनी, कर्करोगाच्या गाठीने पित्ताची वाट बंद होऊन कावीळ झालेल्या ३० रोग्यांचे दोन गट केले. दोहोंस नेहमीचे उपचार. एकास शिवाय गुळवेल. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार नुसत्या नेहमीच्या उपचारांच्या गटात निम्म्या रोग्यांच्या रक्तात जंतुदोष पसरला, गुळवेलीच्या गटात एकाच्याही नाही. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या गटातील ४० टक्के जगले आणि दुसऱ्यातील ९२.४ टक्के. रोगी थोडे होते, हे खरे. परंतु या निबंधातील सर्वांत प्रामाणिक वाक्य निराळेच आहे. यकृताचे कार्य दोन्ही गटांत सारखेच राहिले, असे त्यांनी लिहून ठेवले. गुळवेलीने यकृत सुधारले नव्हते. तिने रक्तातील पांढऱ्या पेशींची जंतू गिळण्याची व मारण्याची शक्ती परत आणली होती.

हे वाक्य पुढे फार थोड्यांनी ध्यानात ठेवले. २०२० मध्ये करोनाची साथ आली आणि प्रतिकारशक्ती हा शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी झाला. शहरांतून गुळवेलीची कांडे उकळून त्यांचा काढा रोज सकाळी घेतला जाऊ लागला. कुंपणावर चढलेली वेल ओळखता येते, असे प्रत्येकास वाटू लागले. त्याच वर्षीच्या सप्टेंबर ते डिसेंबरच्या दरम्यान मुंबईतील यकृततज्ज्ञ डॉ. आभा नगराळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे सहा रोगी आले. यकृताला इजा, आणि सर्वांनी गुळवेल घेतलेली. २०२१ मध्ये ती हकिकत प्रसिद्ध होताच वाद पेटला. आयुष मंत्रालयाने म्हटले की वनस्पतीची ओळख नीट पटविलेली नाही. गुळवेलीसारखी दिसणारी तिचीच एक बहीण असू शकेल. २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांतून ४३ रोग्यांची नोंद पुढे आली. त्यांतील पुष्कळांत शरीराची संरक्षक यंत्रणाच यकृतावर उलटल्याची लक्षणे होती.

हा वाद वैद्यक विरुद्ध डॉक्टरी असा मांडला गेला, आणि तो तसा मांडला जाणे दोन्ही पक्षांस सोयीचे होते. केईएममधील तो १९९३ चा निबंध मात्र उघडून पाहिला तर दोन्ही बाजूंना काही शिकता आले असते. जी वेल थकलेल्या पांढऱ्या पेशींना पुन्हा उभे करते, तीच आधीच चिडलेल्या पेशींना डिवचू शकेल, ही शंका त्याच आकड्यांत दडलेली होती. चरकांनीही ती कावीळ झालेल्या रोग्यास सांगितली होती; निरोगी माणसाने साथ आहे म्हणून महिनोन्‌महिने घ्यावी, असे नव्हे.

पॅरासिटॅमॉलविषयी मोठ्या माणसास दिवसाकाठी ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्या, ही कमाल मर्यादा सांगितली जाते. ती ओलांडणारे सर्वच जीवावर उदार झालेले नसतात. तापाची गोळी एका नावाने, सर्दीची दुसऱ्या, अंगदुखीची तिसऱ्या. तिन्हींत वस्तू एकच, आणि वेष्टनावरील बारीक अक्षरे आजारी माणूस वाचीत नाही. इंग्लंडात सरकारने १९९८ मध्ये किराणा दुकानांतील पाकिटात १६ आणि औषधांच्या दुकानांत ३२ गोळ्यांपेक्षा अधिक नकोत असा नियम केला, तेव्हा पुढील अकरा वर्षांत या विषाने होणारे मृत्यू सुमारे ४३ टक्क्यांनी घटले. कोठारावर चाल करून येणाऱ्यांची संख्याच कमी करण्याचा हा उपाय कोणत्याही रेणूपेक्षा साधा होता.

आपल्याकडे अचानक यकृत बंद पडण्याचे कारण बहुतेक वेळा दूषित पाण्यातून येणारी कावीळ असते. पॅरासिटॅमॉल त्या मानाने मागे. तथापि गोळ्यांची पाकिटे आता घाटमाथ्यावरही पोहोचली आहेत. ॲसिटिलसिस्टीनचे नाव भारत सरकारच्या २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. आहुप्यास रात्री कोणी भलतेच काही घेतले, तर डिंभे धरणाच्या पाण्याकडेने वळणे घेत घोडेगावचे ग्रामीण रुग्णालय गाठावयाचे, आणि तेथून पुढे लागलेच तर मंचर. पावसाळ्यात माथ्यावर धुके असे दाट उतरते की समोरचा रस्ता दिसत नाही. आणि रोगी तर त्या वेळी, थोडी मळमळ सोडली तर, बरा दिसत असतो. निघावयाचे ते तेव्हाच. आठ तासांची मोजणी घोडेगावच्या दारापासून सुरू होत नाही. ती गोळ्या पोटात गेल्या त्या क्षणी सुरू झालेली असते.